सावरगावची चोथा खाणारी गाय

१३ जुलै, रविवार

अश्विनी, लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. रसाचं यंत्र आणि ही वही तू एकाच खोक्यातून पाठवली, त्याला पंधरवडा होऊन गेला. यंत्र बाहेर काढावं की नाही याच विचारात दिवस गेले. आणि यंत्रच काढलं नाही तर वहीत लिहायचं काय? शिवाय माझी शाळा चौथीपर्यंतची. आयुष्यभर लिहिलं ते संत्र्याच्या पेटीवर व्यापाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव, एवढंच. त्यातही चुका होत.

तू फोनवर म्हणाली, "बाबा, रोज कशाचा रस काढला, किती प्यायला, कसं वाटलं, ते खरं खरं लिहा. दिवाळीला आले की वाचीन." दिवाळीपर्यंत कोणी वाचणार नाही, म्हणून खरंच लिहितो.

पहिली खरी गोष्ट ही की मला भीती वाटते. तुझी आई गेल्यापासून मी चहा, टोस आणि चिवडा यावर आहे, हे डॉक्टरनं रक्त तपासून तुझ्या भावाला, कुलदीपला सांगून टाकलं. रक्त नऊ निघालं. कुलदीप म्हणाला, दिवाळीपर्यंत अकरा झालं नाही तर पांढुर्ण्याच्या घराला कुलूप आणि बाबा पुण्याला. तू मध्ये पडली म्हणून दिवाळीपर्यंत तरी मुदत मिळाली, नाहीतर त्यानं माझं सामान तेव्हाच बांधलं असतं.

कुलदीप चांगला आहे. त्याचं घरही चांगलं आहे. पण अकराव्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट बंद पडली तर मी वर असेन की खाली, हेच माझ्या डोक्यात दिवसभर चालतं.

उद्या यंत्र काढतो.

१५ जुलै, मंगळवार

काल काढलं नाही. काल अमुक वार होता म्हणून नाही, उगीच काढलं नाही.

आज काढलं. गाजर, दुधी आणि मूठभर सांभार घेतला. तू आता हैदराबादची झाली, तिथल्या लोकांना सांभार म्हटलं की वरण आठवतं, पण तुला तरी आपला हिरवा सांभार, म्हणजे कुलदीपच्या पुण्यातली कोथिंबीर, आठवत असेल. दुधीची चकती आधी चाखून पाहिली. कडू दुधीचा रस माणसाला आडवा करतो, हे आईनं लहानपणीच सांगून ठेवलंय.

सगळं धुतलं, चिरलं, यंत्राच्या तोंडातून आत टाकलं, बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. घाम फुटला. एवढं महागाचं यंत्र पहिल्याच दिवशी माझ्या हातून मेलं असं वाटलं. शेवटी शेजारच्या प्रकाशला हाक मारली. तो रेल्वेत होता, त्याला यंत्राची भीती वाटत नाही.

"काय करून राहिले, पुंडलिकराव?"

"यंत्र मेलं गा."

"लाईट आहे काय?"

"आहे."

"बटन दाबलं?"

"पाच वेळा."

त्यानं यंत्राला एक फेरी मारली आणि दोन्ही बाजूच्या कड्या खटाखट वर लावल्या. "ह्या कड्या कोण लावीन? इंजन जोडल्याबिगर गाडी हालते काय?" असं म्हणून त्यानं बटन दाबलं.

अश्विनी, तो आवाज! मी मागच्या मागं पलंगावर बसलो. भिंतीपलीकडून प्रकाशची बायको मालती ओरडली, "अवं माय, भाऊजीनं चक्की टाकली काय घरात? माये गहू दळून देता काय?"

एका बाजूनं रस आला, दुसऱ्या बाजूनं चोथा. दोन पेले भरले. प्रकाश एक पेला उचलून वास घेऊन परत ठेवून गेला. म्हणाला, माझं रक्त सरकारनं रिटायरमेंटच्या वेळीच तपासलंय.

मी एक घोट घेतला. ओल्या कुंपणाला चाटल्यासारखं लागलं. दुसरा घोट घेणं झालं नाही. टाकून देणंही जिवावर आलं. मग सावरगावची बाई आठवली.

१७ जुलै, गुरुवार

बाई म्हणजे तुझी जयवंता आत्या, हे तुला माहीत आहे, पण वहीत लिहायचं म्हणून लिहितो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जाम नदीचा पूल ओलांडला की सावरगाव, आणि सावरगावात शिरलं की तिसऱ्या गल्लीत तिचं घर. इतकं जवळ असून मी फारसा जात नव्हतो. आमच्या बाबानं शिकवून ठेवलंय, बहिणीच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही आणि तिच्या घरचं रोज खायचं नाही. भावानं द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. आता माझ्याकडे देण्यासारखं रोज काय असणार?

पण आज काढलेला ताजा रस होता. दुधाच्या स्टीलच्या डब्यात भरला, झाकण घट्ट केलं, आणि दुपारी गेलो. बाई ओसरीत बसली होती.

"हे काय आणलं गा, पुंडलिक?"

"रस आहे, बाई. गाजराचा. अश्विनीनं यंत्र पाठवलं."

"मले कायले? मी बिमार आहो काय?"

"तुले दात नाहीत. भाजी चावल्या जात नाही. मंग रक्त कशानं होईन?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुयं तोंड पाह्यलं काय आरशात? गालफडं आत गेले. ठेव तो डबा तिथं. मंग पिईन."

"आत्ता पे ना."

"तुयासमोर तोंड वाकडं करू काय? लहान भावासमोर? मंग पिईन म्हटलं ना." मग म्हणाली, "जेवला काय?"

"जेवलो."

"काय जेवला?"

दोन टोसांना जेवण म्हणायला जीभ वळली नाही.

बाईनं पदर सारखा केला. "पाह्य पुंडलिक, दिलीप अन् सून सकाळीच वावरात जातात. मले एकटीले जेवल्या जात नाही. ताट पाहून उठतो मी. तू समोर बसला तं दोन घास मायाही पोटात जातीन. उपकार कर."

आता सांग, सख्खी बहीण उपाशी राहते म्हटल्यावर काय करणार? बसलो. तिच्यासाठी तीन पोळ्या खाव्या लागल्या. तूरडाळीचं वरण होतं आणि चवळीची भाजी.

निघताना तिनं विचारलं, "त्या यंत्रातून चोथा निंघते म्हणतो, तो कुठं टाकतो?"

"उकिरड्यावर."

"टाकत नोको जाऊ. घेऊन येत जाय. शेजारच्याची गाय खाईन."

१८ जुलै, शुक्रवार

रस: गाजर, काकडी. मी: एक घोट. बाकी बाईला. चोथा गाईला.

तू रागावशील की सगळा मी का प्यायलो नाही. पण माझ्यापेक्षा गरज तिला जास्त आहे. माझं रक्त नऊ तरी आहे, तिचं तर कोणी मोजलेलंच नाही.

२१ जुलै, सोमवार

दोन दिवस पावसाची झड होती, तरी छत्री घेऊन गेलो. यंत्र धुणं हे मोठं काम आहे. जाळीत चोथा अडकतो तो मी जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढतो. मग सगळे भाग पुसून, संत्र्याच्या पेटीत भरायचो तसे तणसाच्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवतो. मालतीवहिनी म्हणते, "भाऊजी, ते काय मुंबईले पाठवून राहिले काय रोज?" हसू दे. पेटीत मोकळी जागा राहिली की माल एकमेकांवर आपटून फुटतो.

२४ जुलै, गुरुवार

आज पालकाचा रस नेला. कालही पालकाचाच होता. बाईच्या घरी आज पोळी हिरवी होती. मी म्हटलं, "बाई, पोळी काहून हिरवी दिसून राहिली?"

"मेथी घातली."

मला मेथी लागली नाही. पण वयोमानानं माझी चव गेली असेल. ही एक नवीन काळजी. आधी चव जाते, मग वास जातो, मग माणूस जातो, असं मंडीतला एक म्हातारा हमाल म्हणायचा.

पोळी मऊ होती मात्र. चार झाल्या.

२८ जुलै, सोमवार

डॉक्टरनं रक्ताच्या गोळ्या दिल्या होत्या त्या मी घेत नव्हतो. कारण एका कागदावर लिहिलं होतं की जेवणानंतर घ्याव्या, आणि माझं जेवणच नव्हतं. आज गोळ्यांची पट्टी खिशातून बाईच्या ओसरीत पडली. ती उचलून तिनं देवाच्या कोनाड्यात ठेवली. आता जेवण झालं की ती एक गोळी माझ्या हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. मी म्हटलं, बाई, मी काय लहान आहे? म्हणाली, "मायाहून तं लहानच आहे."

गाय अजून दिसली नाही. चोथा तिला आवडतो म्हणे. रोज पूर्ण खाते.

२ ऑगस्ट, शनिवार

अश्विनी, घराचे कागद लोखंडी पेटीत आहेत, किल्ली तुझ्या आईच्या फोटोमागे.

सकाळी लघवीला गेलो तर लाल. अगदी लाल नाही, गुलाबीकडे झुकलेली. पण माणसानं गुलाबी होण्याची काही गरज नाही. मी भिंत धरून उभा राहिलो. पहिल्यांदा वाटलं, संपलं. मग वाटलं, संपत असेल तर पुण्याला जायचं टळलं. मग त्या विचाराची लाज वाटली.

प्रकाशला दाराआड बोलावून हळूच सांगितलं. त्यानं विचारलं, "काल काय खाल्लं?"

"पोळी, वरण, भाजी."

"रस कायचा काढला होता?"

"बिटाचा."

तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "बिटानं होते तसं, पुंडलिकराव! मायी पोरगी होस्टेलात होती तवा तिनं असाच फोन केला होता रडत. बीट खाल्लं की होते. दिवसभरात जाईन."

"पण मी बीट खाल्लं कुठं? एक घोट घेतला फक्त. बाकी सगळं बाईनं घेतलं."

"एक घोट?" प्रकाश हसायचा थांबला. "एका घोटानं नाही होत एवढं."

"तेच तं म्हणून राहिलो मी!"

संध्याकाळपर्यंत रंग गेला. पण एका घोटानं एवढं कसं झालं हे कोणी सांगू शकलं नाही. डॉक्टरकडे जायची मला भीती वाटते आणि न जायचीही. पुण्याला जाण्यापेक्षा इथं गुलाबी राहिलेलं बरं, असं म्हणून झोपतो.

ता. क. काल बाईकडची पोळी लालसर होती. ती म्हणते नवं पीठ तसंच निघालं. दिलीपला सांगायला हवं, हल्ली पिठात काय काय मिसळतात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. लुगडं नेलं, आणि गाजर-टमाट्याचा रस. बाईनं ओवाळलं, हातावर साखर ठेवली. तिच्या तोंडाला तेज आलंय, मी ते बोलूनही दाखवलं. म्हणालो, "पाह्य, रसानं कसं रक्त वाढलं तुयं." ती पदरात तोंड घालून खोकत राहिली बराच वेळ. तिला खोकला झालाय असं वाटतं. रसात आलं घालायला हवं.

मग मी तिला पुण्याचं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. दिवाळीत रक्त तपासतील, अकरा नाही निघालं तर कुलदीप नेईल.

तिचा खोकला थांबला. राखीचं ताट तसंच हातात.

"मंग भाऊबिजेले मी कोणाले ओवाळू?"

"दिलीपच्या पोरीले सांग, फोनवर मले दाखवीन ती."

"फोनले ओवाळू? फोनच्या कपाळाले कुंकू लावू?" असं म्हणून ती आत गेली. बराच वेळ डबे वाजत होते. बाहेर आली ती हातात डबा घेऊन. "हे रात्रीसाठी. नाही म्हणू नोको. सुनेनं जास्तीचं करून ठेवलं, फेकायचं काय? अन् उद्यापासून चोथा जास्त आण. गाय गाभण आहे."

गाभण गाईला भूक लागणारच. उद्यापासून दुप्पट बीट आणतो.

बहिणीच्या घरून डबा आणला हे बाबाला आवडलं नसतं. पण मी तिच्या गाईचं एवढं करतो, तर हिशोब बरोबरीत सुटतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

पायजम्याची नाडी बसत नव्हती. गाठ पुढं सरकवावी लागली. पोट सुजलं की काय? रक्त कमी झालं की अंगावर सूज येते, असं ऐकलंय. प्रकाशला दाखवलं. तो म्हणाला, "ह्याले सूज नाही म्हणत, ह्याले जेवण म्हणतात."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. दिलीपनं बैलजोडी सजवली होती. उद्या गोटमार. लहानपणापासून मला त्या दिवसाची धास्ती. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, या काठाला आमचं गाव, त्या काठाला बाईचं, आणि झेंड्यासाठी दोन्ही गावांचे एकमेकांवर गोटे. तिचं लग्न झालं तेव्हापासून मी कोणाच्या बाजूनं आहे ते मला ठरवता आलेलं नाही.

बाई बजावून म्हणाली, "उद्या येऊ नोको. पुलावर गर्दी राह्यते. एक दिवस नाही पेलो रस तं मरत नाही मी."

मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर चैन नाही. एक दिवस खंड पडला आणि त्याच दिवशी तिला चक्कर आली तर? गोटे दुपारी सुरू होतात. सकाळी सकाळी जाऊन डबा देऊन परत येता येईल.

२३ ऑगस्ट, शनिवार

आधीच सांगतो, मला काहीही झालेलं नाही. तरी डोक्याला पट्टी आहे. क्रमानं लिहितो.

सकाळी लवकर उठून बीट काढलं. गाभण गाईसाठी चोथ्याची पिशवी वेगळी. पांढरा सदरा घातला, कारण सणाचा दिवस. पुलाजवळ पोहोचलो तर पोलिसांची दोरी लागत होती. मी म्हटलं, बाबा, बहिणीचा रस आहे, जाऊ द्या. त्या पोलिसाला वाटलं म्हातारा काहीतरी बरळतो आहे. त्यानं दोरी वर उचलली.

पूल अर्धा झाला असेल. रात्रीच्या पावसाचा चिखल. पाय सटकला. डबा हातातून वर उडाला, झाकण निघालं, आणि सगळा रस माझ्या डोक्यावर. मी खाली बसलेला, कपाळावरून बीट वाहतंय, सदरा लाल.

कुठून तरी पोट्टे धावत आले. "बाबाले लागला! बाबाले लागला!"

मी म्हणायला गेलो की हे बीट आहे, पण तोंडात रस गेला आणि ठसका लागला. त्यानं तर आणखीच भयानक दिसलं असणार. चौघांनी मला उचललं.

एकजण ओरडला, "अबे, सुरू व्हायच्या आधीच कोण मारला गोटा?"

"सावरगाववाल्यांनी! दुसरं कोण?"

पलीकडून कोणीतरी ऐकलं. "आम्ही काहून मारू? म्हातारा तं आमच्याकडेच येऊन राहिला होता! तुमच्याच काठावरून आला गोटा!"

"झेंड्याची पूजा तं होऊ द्या बे!"

मी आडवा, चौघांच्या हातात, आणि दोन गावं माझ्यावरून भांडतायत. मी हात हलवून "बीट, बीट" म्हणत होतो. एक पोट्टा म्हणाला, "पाह्य, बाबा म्हणून राहिले, पीट, पीट, मार म्हणून! काय जिगर आहे!"

दवाखान्याच्या तंबूत मला खाटेवर ठेवलं. तिथल्या नव्या कंपाउंडरनं सकाळपासून पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्यानं आधी पट्टी बांधली आणि मग पुसायला घेतलं. नर्सबाईनं पुसता पुसता बोट नाकाला लावलं. तिचं नाव करुणा, पांढुर्ण्याचीच.

"आजोबा, हे रक्त नाही. हे तं बीट आहे."

"मी मघापासून तेच सांगून राहिलो, बाई!"

तंबूत जे हसू फुटलं ते मी लिहीत नाही. करुणा पट्टी सोडायला लागली तेवढ्यात खरा लागलेला एक मुलगा आला, आणि सगळे तिकडे धावले. मी तसाच घरी आलो.

पण कोणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. दुपारी कुलदीपचा फोन आला. तो रडत होता. मी म्हटलं, अरे बीट आहे. तो म्हणाला, "बाबा, डोक्याला मार लागला की माणूस असंच बोलतो. हलू नका. मी निघालो."

आज बाईला रस नाही, गाईला चोथा नाही. आणि मला तिकडून कोणी काही विचारलं नाही म्हणजे तिला कळलं नसावं. कळू नये.

२४ ऑगस्ट, रविवार

कुलदीप सकाळी गाडी घेऊन आला. नागपूरपर्यंत विमानानं. डोक्याची पट्टी सोडून टॉर्च लावून पाहिलं. काही नव्हतं. केस मात्र गुलाबी. तो हसेल असं वाटलं, पण त्याचा राग वाढला.

"म्हणजे गोटमारीच्या दिवशी पुलावर गेलेच होते तुम्ही! एकटा माणूस, चिखल, गर्दी! आज बीट होतं, उद्या खरंच रक्त असेल. दिवाळी-बिवाळी काही नाही. आज सामान भरायचं."

तो सदरे घडी करत होता आणि मी यंत्र तणसात भरत होतो. प्रकाश दारात येऊन उभा राहिला, त्यानं एकदाही विनोद केला नाही. त्यावरून मला कळलं की मी खरंच चाललो.

शेवटी मी म्हटलं, "बाईला सांगून येऊ दे." कुलदीप म्हणाला, मी गाडीनं नेतो.

बाईला सगळं कळलेलं होतं. ओसरीतच उभी. मला पाहून तिनं आधी माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, मग पाठीत एक धपका घातला. "येऊ नोको म्हटलं होतं ना तुले! ऐकलं असतं तं अंगावर सांडलं नसतं. काल दिवसभर घास उतरला नाही माया."

कुलदीप म्हणाला, "आत्या, मी बाबांना नेतोय."

"नेशील. आधी जेवा. सकाळपासून करून ठेवलं."

ताटं वाढली. पोळी पुन्हा तशीच लाल. वरून वडेही लालच. मी कुलदीपला समजावून सांगितलं की सावरगावात हल्ली पीठच असं येतं. त्यानं पोळीचा तुकडा तोडला, उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही रोज इथं जेवता?"

"बाईला एकटीला जेवल्या जात नाही," मी म्हटलं. "मी बसलो तर ती दोन घास खाते. रसानं तिची तब्येत बरीच सुधारली."

"आणि चोथा?"

"तो गाईला. शेजारच्या. गाभण आहे."

"कुठं आहे गाय?"

बाई एकदम म्हणाली, "कुलदीप, आत ये जरा, वडे काढू लाग." तो आत गेला. बराच वेळ दोघं कुजबुजत होती. मधूनच त्याच्या हसण्याचा आवाज आला, मग बंद झाला. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, वड्यात मिरची फार आहे. मला तर लागली नाही. माझी चव गेलीच आहे.

घरी आल्यावर त्यानं सामान गाडीत ठेवलं नाही. म्हणाला, आज थकलो, उद्या रक्त तपासू, मग पाहू.

आज रात्री झोप येईल असं वाटत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

अकराच्या वर निघालं! अश्विनी, अकराच्या वर!

डॉक्टर म्हणाले, काय केलं? मी म्हटलं, रोज एक घोट रस. त्यांनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीप म्हणाला, "हो डॉक्टर, घोटभरच घेतात ते." आणि पुन्हा डोळे पुसले. पुण्याच्या हवेत राहून त्याचे डोळे बिघडलेत, त्याला म्हटलं चष्मा लाव.

संध्याकाळी त्यानं माझे सदरे परत खुंटीला अडकवले. त्याची अट एकच. "बाबा, एकही दिवस आत्याकडे रस न्यायचं चुकवायचं नाही. फक्त गोटमारीचा दिवस सोडून. तिला तुमची गरज आहे. आणि गाईलाही."

मी म्हटलं, हे तर मी पहिल्यापासून सांगतोय.

प्रकाशला सांगितलं तसा तो ओरडला, "मालती, चहा ठेव, चक्कीवाले राहिले गावात!"

४ सप्टेंबर, गुरुवार

आजचं पान दिवाळीपर्यंत ठेवता येणार नाही. प्रकाश मोबाईलवर याचा फोटो काढून तुला पाठवतो आहे. फोनवर मला सुचत नाही आणि तू नेहमी घाईत असते.

सोमवारी यंत्राच्या झाकणाखालचं काळं रबरी वायसर तुटलं. रस खालून गळतो, वर काही येत नाही. पांढुर्ण्यात सगळी दुकानं पाहिली. एकानं कुकरचं दिलं, ते बसत नाही. प्रकाशनं सायकलच्या ट्यूबचं कापून पाहिलं. त्यानं रसाला टायरचा वास येतो.

तीन दिवस झाले, मी सावरगावला गेलो नाही. रिकाम्या हातानं कसा जाऊ? कुलदीपचीही अट मोडली गेली, त्याला अजून सांगितलं नाही. इथं टोस खातो आहे. टोस पूर्वी बरा लागायचा.

काल बाईनं दिलीपला पाठवलं. त्यानं निरोप सांगितला, "आई म्हणते, रस नसला तरी चालते, मामा. चोथाही नोको. तुम्ही फक्त या. ती दोन दिवसांपासून ताट वाढून पुलाकडे पाहून राह्यते."

अश्विनी, यावरून समज, तिला किती अशक्तपणा आला असेल. रस नको म्हणते, गाईचा चोथासुद्धा नको म्हणते! गाय तर आता व्यायला आली असेल. माझ्या मनात आलं की असंच उठावं आणि जावं. आज सकाळी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

वायसर लवकर पाठव. लगेच जमत नसेल तर पाठवीन एवढं तरी आजच कळव. आणि ते येईपर्यंत मी रिकाम्या हातानं गेलो तर चालेल का, तेही कळव. तू हो म्हटलं तर मी जेवणाच्या वेळेपर्यंत पुलापलीकडे असेन.